आक्कासाठी घेतलेला सगळ्यात वरचा प्रोसेसर

अन्याय झाला माझ्या थोरल्या बहिणीवर. १९९६ सालच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, बेंगळूरच्या एस. पी. रोडवर, एका दुकानाच्या माडीवर. करणारे तिघे होते: आमचा भाऊ, त्याचा पुण्याहून आलेला मित्र आणि दुकानदार. तिघांपैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. भाऊ तर त्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा काढून आला होता. म्हणूनच त्याला अन्याय म्हटलं की घरात अजून सगळे माझ्याकडे वळून बघतात. बघू देत.

आम्ही निपाणीकडचे. वडिलांच्या नोकरीपायी राजाजीनगरात आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. थोरल्या बहिणीला आक्का आणि भावाला अण्णा म्हणतो. आक्का टायपिंग करायची. इंग्रजी आणि कन्नड येणारे बेंगळुरात ढिगानं सापडतील, पण तिला मराठीही येत होतं, आणि तिची सगळी किंमत त्या मराठीत होती. पीण्या या बेंगळूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एक पंपांचा कारखाना आहे. त्याचे निम्मे पंप सांगली-कोल्हापूरकडे जातात. प्रत्येक पंपाबरोबर एक माहितीपत्रक लागतं: वायर कुठली कुठं जोडायची, पाणी नसताना मोटर का चालवू नये. ते मराठीत लिहून, टाईप करून द्यायचं काम आक्काकडे यायचं. कधी यायचं, कधी नाही. बाकी दिवस ती टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पानावर पैसे घेऊन बसायची.

त्या वर्षी श्रावणात कारखान्याच्या मॅनेजरनं तिला बोलावून घेतलं. म्हणाला, आता टाईप केलेलं चालणार नाही. चित्र आणि अक्षर एका पानावर पाहिजे, कॉम्प्युटरवर केलेलं. दिवाळीआधी एक पुस्तिका करून दाखवा. जमलं तर सगळ्या पंपांच्या मराठी पुस्तिका कायमच्या तुमच्याकडे.

कायमच्या. हा शब्द आक्का घरी घेऊन आली आणि चुलीपुढे, देवापुढे, माझ्यापुढे म्हणत सुटली. इन्स्टिट्यूट सोडायची, पुढच्या खोलीत टेबल टाकायचं, दारावर पाटी लावायची, सगळं तिनं ठरवलं. पोस्टात तिचे साठवलेले पैसे होते. अण्णानं त्यात भर घालतो म्हटलं. आणि ती म्हणाली, मी तिथंच भाकऱ्या मोजत होते म्हणून मला नीट आठवतं:

"मला प्रिंटर पाहिजे, आणि डोळ्याला झोंबणार नाही असा पडदा पाहिजे. आत काय घालायचं ते तुम्ही बघा की."

त्यांनी आत काय घालायचं तेवढंच बघितलं.

आक्काला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. ती इन्स्टिट्यूटमध्ये बसली आणि तिच्या पैशाचं मशीन घ्यायला आम्ही गेलो: अण्णा, पुणेकर आणि खोकी उचलायला मी. पुणेकर हा अण्णाचा मित्र, सॉफ्टवेअरमध्ये होता, वर्षभरापूर्वी आला होता आणि मारतहळ्ळीला खोली घेऊन राहायचा. माणूस मदतीला धावणारा. दुकानात शिरताच त्यानं सूत्रं हातात घेतली.

"प्रोसेसर म्हणजे इंजिन," तो म्हणाला. "इंजिनात काटकसर केलीस की संपलं बघ. बाकीचं नंतर कधीही जोडता येतं."

दुकानदारानं तीन पर्याय सांगितले. मधल्याला पुणेकरानं नाक मुरडलं. "हा म्हणजे आजच जुना."

"आठ-दहा वर्षं तरी चालायला पाहिजे," अण्णा म्हणाला.

"मग वरचा घे. दोनशे मेगाहर्ट्झ. आक्कांना आज एवढा लागणार नाही, पण उद्या लागेल ना."

आणि अण्णाच्या तोंडून आमची आई बोलली. "बरोबर. वाढत्या अंगाचा घेऊ."

तुमच्याही घरात हे असणारच. जूनमध्ये शाळेचा गणवेश घ्यायचा तो दोन मापं मोठा. स्कर्ट आत दुमडून शिवायचा, दर वर्षी एक दुमड उसवायची. आम्ही तिघं असेच वाढलो, आणि स्कर्टापुरती ती अक्कल खरीच आहे. कापड कपाटात जसंच्या तसं राहतं आणि पोर वाढतं. अण्णानं तोच हिशेब चिपला लावला. पण आक्का तेव्हा तिशीची होती आणि तिच्या टायपिंगचा वेग गेली दहा वर्षं तोच होता. तिचं अंग वाढणार कुठून? आणि हे कापड असं, की न घालताच कपाटात आटत जातं. ते आम्हाला पुढे कळलं.

वरचा प्रोसेसर घेतल्यावर पैसे संपले. मग छाटाछाट सुरू झाली. पडदा? "स्वल्प कमीतला देतो, दिसतो सारखाच." मेमरी? "आत्ता आठ एमबी घाला, मागनं वाढवा." प्रिंटर? दुकानदारानं अण्णाकडे पाहिलं, अण्णानं पुणेकराकडे. पुणेकर म्हणाला, "प्रिंटर काय, बाहेरही मिळतो छापून." अण्णा कन्नडमध्ये म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक आहे. त्या एका "सरी"त आक्कानं मागितलेल्या दोन्ही वस्तू गेल्या. मी खोक्यावर बसून होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण मेगाहर्ट्झ या शब्दापुढे माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बेंगळुरात त्या दिवशी सायकलीपासून लेथपर्यंत प्रत्येक चाकाला कुंकू लागतं. आमच्या घरी पाटावर दरवर्षी आक्काचा टाईपरायटर असायचा. त्या वर्षी तो कॉटखाली गेला आणि पाटावर मशीन बसलं. झेंडूचा हार, हळदीकुंकू, पुढ्यात कोहळा. शेजारपाजारचे बघायला आले. अण्णा प्रत्येकाला सांगत होता, "दोनशे मेगाहर्ट्झ." समोरच्या घरच्या काकूंनी विचारलं, म्हणजे काय? "म्हणजे सगळ्यात वरचा." काकूंनी मशीनला हात जोडले.

आक्का मात्र पाटाच्या मागं वाकून बघत होती.

"प्रिंटर कुठाय?"

"पुढच्या दसऱ्याला," अण्णा म्हणाला.

"मग तवर छापू कशावर? पोळपाटावर?"

सगळे हसले. आक्कासुद्धा हसली. आणि हसल्यामुळे विषय तिथंच मिटला, म्हणून मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

कामाला बसल्यावर जे दिसलं ते सांगते. नुसती अक्षरं टाईप करताना मशीनला काहीच काम नव्हतं. आक्काची दोन बोटं पडायच्या मधल्या वेळेत ते दोनशे मेगाहर्ट्झ रिकामे बसायचे. पण पानावर पंपाचं चित्र आणलं की आतली डिस्क जात्यासारखी घरघरायला लागायची. मेमरी पुरत नसली की मशीन डिस्कवर सामान ठेवतं आणि परत आणतं, हे पुणेकरानंच नंतर समजावलं. म्हणजे इंजिन सगळ्यात वरचं आणि बसायला जागा एकाची. पान खाली सरकवायचं म्हटलं तरी आक्का स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावून यायची. आणि पडदा! तो एकसारखा थरथरायचा. नीट बघितलं तर थरथर दिसायची नाही, पण तासाभरानं कपाळात ठणका लागायचा. संध्याकाळी ती ओल्या फडक्याची घडी डोळ्यावर ठेवून पडायची आणि आई म्हणायची, "एवढं भारी मशीन, सवय होईल गे."

छापायचा प्रकार तर त्याहून वरचा. मल्लेश्वरमला एका दुकानात लेझर प्रिंटर होता. फ्लॉपी घेऊन गेलो तर तिथं मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली. मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे नव्हतं. आमच्याकडचं तिथं चालेना, कारण ते आमच्या मशीनला आधीच एकदा बसवून कुलूपबंद केलेलं. मशीनच्या पाठीमागं बोटाएवढं एक कुलूप लावायचं, ते असेल तरच अक्षरं दिसायची, आणि दुकानदार आपल्या मशीनला परक्याचं काही लावू देईना. मग एकच वाट राहिली. मशीनच उचलून न्यायचं आणि त्यांचा प्रिंटर आमच्या मशीनला जोडायचा.

तर बेंगळुरातला त्या वर्षीचा सगळ्यात वेगवान प्रोसेसर माझ्या बहिणीच्या मांडीवर बसून, जुन्या चादरीत गुंडाळून, रिक्षानं मल्लेश्वरमला जायचा. एक रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "एन अक्का, टीव्ही रिपेरी?" आक्का त्याला कन्नडमध्ये म्हणाली, "टीव्ही नव्हे अण्णा, हे फार फास्ट आहे. खड्ड्यातनं हळू घ्या." तो बिचारा खरंच हळू चालवत गेला.

पुस्तिका दिवाळीआधी दिली. सुरेख झाली होती. मॅनेजरनं पुढच्या दोन पंपांचंही काम दिलं. पण छापायच्या कामात पहिली प्रत म्हणजे सुरुवात असते. समोरच्या घरी फोन यायचा: अमुक आकडा बदला, चित्र उलटं आहे, संध्याकाळपर्यंत नवीन पान पाहिजे. एका आकड्यासाठी मशीन सोडवा, चादरीत बांधा, रिक्षा शोधा, मल्लेश्वरमच्या दुकानात रांगेत बसा, तिथून पीण्या गाठा. एकदा वाटेत हादरून आतलं कार्ड निसटलं आणि दुकानात मशीन उठेचना. त्या दिवशीचं पान दुसऱ्या दिवशी पोचलं. मॅनेजर रागावला नाही. तो फक्त म्हणाला, "मॅडम, तुमचं मराठी फर्स्ट क्लास आहे. पण मला पान त्याच दिवशी पाहिजे." संक्रांतीनंतर त्याचे फोन बंद झाले.

काम यशवंतपूरच्या एका बाईंकडे गेलं होतं. सोलापूरच्या, नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या. मी त्यांच्याकडे गेले, भांडायला म्हणा की बघायला म्हणा. तेव्हा मी पाण्याच्या नळासाठी, बसभाड्यासाठी पत्रकं लिहून चौकात वाटायचे. कुठं काही गडबड दिसली की पायात चपला घालायच्या एवढंच मला कळायचं. मला वाटलं होतं, यांच्याकडे आमच्याहून जबरदस्त मशीन असणार.

"प्रोसेसर कुठला तुमचा?" मी दारातच विचारलं.

"बसा तर खरं," त्या म्हणाल्या. "काय की बाई. मधला कुठला तरी. मेमरी मात्र मी दुकानात भांडून वाढवून घेतली. हे म्हणत होते इंजिन भारी घेऊ. म्हटलं, तुम्ही चालवणार का? मग गप."

त्यांनी पंपाचं चित्र पानावर आणलं. आलं. पान सरकवलं. सरकलं. शेजारच्या स्टुलावर बसका छोटा प्रिंटर होता, त्यातून गरम कागद बाहेर आला तो त्यांनी माझ्या हातात दिला. पडदा शांत होता, नुसता शांत. मी तो बघत बसले आणि चहा गार झाला.

घरी येऊन मी अण्णाशी भांडले. तोही वरमला होता. तो मशीन उचलून एस. पी. रोडला घेऊन गेला: वरचा चिप परत घ्या, मधला द्या, वरच्या फरकात मेमरी आणि बरा पडदा द्या. दुकानदारानं हात वर केले. तोवर आमच्या चिपहून वरचा बाजारात आला होता आणि आमचा मधल्याच्या भावावर उतरला होता. फरक म्हणून जो होता तो विरघळून गेला होता. वाढत्या अंगाचा स्कर्ट आमच्या देखत आटला.

तेव्हा मी पेटून एक पत्रक लिहिलं. "महागडा प्रोसेसर: मध्यमवर्गाची उघड लूट." तीन परिच्छेद, प्रत्येकात दोन उद्गारचिन्हं. स्टेन्सिलवर टाईप करून द्यायला आक्काला दिलं, कारण छापायला घरात अजून टाईपरायटरच होता. कॉटखालून तो वर आला होता. ती पहिला परिच्छेद टाईप करून थांबली.

"हे खोटं आहे."

"काय खोटं? फुकट गेले नाहीत तुझे पैसे?"

"गेले. पण त्या पुणेकराचे गेले असते का? मी विचारलं त्याला. ऑफिसात तो लिहिलेला प्रोग्राम मशीनला बांधायला लावतो आणि चहाला जातो. परत येतो तरी मशीन दळतच असतं. त्याला वरचा चिप दिला की त्याचा एक चहा वाचतो. त्याच्यासाठी तो चिप रास्तच आहे की." तिनं चष्मा काढून डोळे चोळले. तोवर चष्मा लागला होता. "त्यानं त्याचा चहा वाचवला आणि माझा वाढवला."

"मग काय लिहू?"

"कोण कुणासाठी थांबतं ते बघा, असं लिही. माझ्याकडे मशीन माझ्या बोटांसाठी थांबायचं, आणि मी डिस्कसाठी, पडद्यासाठी, रिक्षासाठी. चिपसाठी मी कधी थांबलेच नाही. ज्याच्यासाठी थांबत नाही त्याला पैसे कशाला?" मग ती स्टेन्सिल काढायला लागली. "आणि लूट म्हणू नको. दुकानदारानं काही चोरलं नाही. मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या तिथं कुणी सांगितल्या का? तू होतीस ना?"



ते पत्रक निघालंच नाही. पण तिचा प्रश्न मी तेव्हापासून पिशवीत घेऊन फिरते. ज्याला ज्याला भारी मशीनचं वेड आहे त्याच्या मागं तासभर उभी राहते. हेब्बाळला एका ओळखीच्या वास्तुविशारदाकडे बघितलं: इमारतीचं चित्र फिरवताना मशीन खरंच धापा टाकत होतं, आणि तो पडद्याकडे बघत नखं खात होता. त्यानं वरचा चिप घ्यावा, मी स्वतः पिशवी धरून जाईन. पण एका ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर नुसती तिकिटं लिहायला तोच चिप बसवलेला, आणि मुलगी बसली आहे मोडक्या खुर्चीत, पाठीला उशी बांधून. विचारलं तर मालक अभिमानानं सांगतो, "सगळ्यात वरचा आहे." तिची पाठ कितव्या नंबरची आहे ते त्याला माहीत नाही.

मला चीड येते ती या "सगळ्यात वरचा"ची. तो शब्द आला की काम करणारं माणूस खोलीतून नाहीसं होतं. प्रोसेसरला आकडा असतो, तो शेजाऱ्याला सांगता येतो. शांत पडद्याला आकडा नाही. दुखणाऱ्या डोळ्याला तर नाहीच. खंडेनवमीला त्या आकड्याला हार घातला आणि तो चालवणारी पाटामागं वाकून प्रिंटर शोधत होती, आणि आम्ही हसलो.

पंपांचं काम परत आलं नाही. आक्का इन्स्टिट्यूटमध्येच आहे. तिथल्या कमाईतून तिनं आधी मेमरी घातली, मग पडदा, आणि गेल्या वर्षी प्रिंटर, प्रत्येक वस्तू स्वतः दुकानात जाऊन, चालवून बघून. मराठी मंडळींच्या लग्नपत्रिका आता तिच्याकडे येतात. तेवढ्यावर इन्स्टिट्यूट सोडता येत नाही. दारावरची पाटी तिनं त्या वेळी रंगवून घेतली होती, ती टाईपरायटर जिथं होता तिथं, कॉटखाली आहे.

आता ९९ साल चालू आहे. दोन हजार साल उजाडताच जुनी मशीनं बंद पडणार या धास्तीनं यंदा जो तो नवीन मशीन घ्यायला निघाला आहे. दुकानांच्या माड्यांवर तेच बोलणं चाललं असणार: इंजिन, उद्या लागेल, वाढत्या अंगाचं. तुम्हीही कदाचित त्या जिन्यावर असाल. तर माझं मागणं सरळ आहे. खाली उतरा. घरी किंवा ऑफिसात जा आणि त्या मशीनपुढे जी व्यक्ती रोज बसणार आहे तिला विचारा, तू कशासाठी थांबतेस? तिचं उत्तर पूर्ण ऐका. "आत काय घालायचं ते तुम्ही बघा" असं ती म्हणाली, तरी त्याच्या आधी तिनं मागितलेल्या दोन गोष्टी विसरू नका. मग तिला बरोबर घेऊन दुकानात जा, तिला खुर्चीत बसवा, आणि ती "हे चालेल" म्हणेपर्यंत खिशात हात घालू नका.